बॉबीच्या बापाची जात कोणती?

दोस्तहो, वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्यापुढं ‘बॉबी’चं नाव काढून बघा. डोळे लकाकतात. १९७३ साली राज कपूरचा हा पिच्चर आला आणि त्या वयाची पोरं येडी झाली. परवा रात्रपाळी करून आलो आणि मीही पुन्हा पाहिला. झोप उडाली. गाण्यांनी नाही, एका प्रश्नानं. बॉबीच्या बापाची जात कोणती? पिच्चर बघताना हा प्रश्न कुणाला पडत नाही. पडू नये अशीच त्याची बांधणी आहे.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. राजा हा बड्या शेटचा एकुलता पोरगा. त्याला लहानपणी सांभाळलं ते मिसेस ब्रगांझानं. तिची नात बॉबी. बॉबीचा बाप जॅक गोव्याचा, मासेमारी करणारा. पोरापोरीचं जमतं, शेटचं डोकं फिरतं. पोरगी पुढं करून माझी इस्टेट लुबाडायला निघालास, असं तो जॅकला सुनावतो आणि वर पैसे देऊ करतो. जॅक गप बसत नाही. तोही शेटचा पाणउतारा करतो.

इथं मी टाळी वाजवली. खोटं कशाला बोलू? हिंदी पिच्चरातला गरीब बाप शेटपुढं पगडी काढतो, पाय धरतो. जॅक पाय धरत नाही. शेट आपल्या पोराचं लग्न धंद्यातल्या नात्यासाठी एका मतिमंद मुलीशी ठरवतो, हेही पिच्चरमध्ये आहे. पोरगा पळाला तर त्याच्यावर बक्षीस लावतो, म्हणजे पोटच्या पोराचाही भाव ठरवतो. श्रीमंताच्या घरात माया कशी मोजली जाते ते ह्याहून उघड काय दाखवणार? ही गोष्ट ख्वाजा अहमद अब्बासची. ‘आवारा’ लिहिणारा तोच. माणूस गरिबाच्या बाजूचा होता, ह्यात शंका नाही.

पण गरिबाची बाजू घेतली म्हणजे आपली बाजू घेतली असं नाही. इथंच आपली पोरं फसतात.

पिच्चरवाल्यानं युक्ती केली. गरीब पोरगी हवी, पण तिला जात नको. मग तिला गोव्याची किरिस्ताव केली. झाला प्रश्न खलास! आता भांडण फक्त पैशाचं आणि दोन बापांच्या रागाचं. पण गोव्यात तरी जात सुटली का? बाप्तिस्मा घेऊनही तिथं बामण राहिले, चार्डो राहिले, सुदिर राहिले. चर्चमध्ये गेली तरी लग्नं जातीत लावली. दर्यावर जाळं टाकणारा खारवी किरिस्ताव झाला तरी खारवीच राहिला. म्हणजे जॅक ब्रगांझालाही जात असणारच. पिच्चरनं त्याच्या हातात मासळी दिली, ग्लास दिला, नाच दिला. जात तेवढी खिशातून काढून घेतली.

जुन्या पिच्चरांनी निदान नाव तरी घेतलं होतं. १९३६ साली ‘अछूत कन्या’ आला. त्यातल्या कस्तुरीचं बामणाच्या पोरावर प्रेम. शेवटी ती गाडीखाली मरते. १९५९ च्या ‘सुजाता’त बामणाच्या घरी वाढलेली अस्पृश्य पोरगी. तिला आपली म्हणवून घ्यायला रक्त द्यावं लागतं. एकीनं जीव द्यायचा, दुसरीनं रक्त. ‘बॉबी’नं सोपा रस्ता काढला. जातच पुसली, मग पोरगी मरायची गरज नाही. पण उलटा अर्थ लावून बघा. जात ठेवली असती तर शेवट एवढा गोड करता आला असता का?

आणि शेवट कसला? पोरंपोरी धबधब्यात उडी घेतात. मागोमाग दोघे बापही. शेट बॉबीला वाचवतो, जॅक राजाला. पाण्यातून बाहेर येतात ते व्याही होऊनच! दोस्तहो, पाण्यात उतरून माणसं अशी समान झाली असती तर २० मार्च १९२७ ला महाडला एवढं रामायण झालं नसतं. आमच्या बापजाद्यांनी चवदार तळ्याला नुसता हात लावला तर डोकी फुटली. तळं बाटलं म्हणून घागरींनी शुद्ध केलं. आपल्याला पाण्याची ती गोष्ट माहीत आहे. ही नव्हे.

ज्या १९३६ साली कस्तुरी पडद्यावर मेली, त्याच साली बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ छापलं. जातीवर खरा उतारा आंतरजातीय लग्न, असं त्यांनी सांगितलं. पण तिथं थांबले नाहीत. ज्या शास्त्रांमुळं जात पवित्र वाटते, त्या शास्त्रांची सत्ता मोडल्याशिवाय अशी लग्नं होणार नाहीत, हेही सांगितलं. ‘बॉबी’त काहीच मोडत नाही. शेट शेटच राहतो, बंगला बंगलाच. मोडतो फक्त शेटचा राग. तो तर दुसऱ्या दिवशी परत येऊ शकतो.

एक गोष्ट अजून. फेब्रुवारी १९७७, आणीबाणीचा शेवट. बाबू जगजीवनराम सरकार सोडून बाहेर पडले. दिल्लीत रामलीला मैदानावर त्यांची सभा होती. लोक घरात बसावेत म्हणून त्या संध्याकाळी दूरदर्शननं ‘बॉबी’ लावला, असं सांगतात. तरी मैदान भरलं. जगजीवनरामांचं राजकारण आपलं नव्हे, ते वेगळं भांडण. पण चांभाराच्या पोटी जन्मलेल्या माणसाची सभा पाडायला सत्तेनं काय बाहेर काढावं? जात नसलेली प्रेमकहाणी!

तेव्हा गाणी ऐका, मी पण ऐकतो. जॅकचा ताठ कणा घ्या. पण उद्या तुमच्यातला कुणी दुसऱ्या जातीच्या पोरीचा हात धरेल. तेव्हा बाप धबधब्यात उडी मारून वाचवायला येईल, ह्या भरवशावर राहू नका. तिचे भाऊ येतील. त्यांना तुमचा पगार विचारायचा नसेल. आडनाव विचारायचं असेल. त्या वेळी पाठीशी उभी राहील ती संघटना. ती आधी बांधा.