‘एरर गेला’ म्हणजे काय झालं? ओपनएसएसएलच्या इन्स्टॉल-नोट्सचं एक वाचन

आज पेपर नाही, पुस्तकही नाही. समीक्षेला घेतलीय एक टेक्स्ट फाइल. ओपनएसएसएल या ओपन सोर्स क्रिप्टोग्राफी लायब्ररीच्या सोर्ससोबत दोन फाइली येतात: एक सगळ्यांसाठीची इन्स्टॉलची, दुसरी खास विंडोजसाठीच्या टिपांची. पीएचडीला येणाऱ्या बहुतेकांनी त्या वाचलेल्या नसतात, वापरलेल्या असतात. मीही त्यातलाच होतो. त्यामुळे माझ्या प्रबंधातला एक आलेख उलटा निघाला. म्हणून हे लिहितोय.

आधी संदर्भ. आमचं घर सूरजागडच्या पट्ट्यात, एटापल्ली तालुक्यात. लोहखनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्यालगत धुळीचं प्रमाण मोजणारे छोटे सेन्सर बसवायचे आणि त्यांची आकडेवारी एका साध्या डेस्कटॉपवर गोळा करायची, अशी माझ्या कामाची मांडणी आहे. मला यातला क्रिप्टोग्राफीचा भाग पाहायचा होता. धुळीचा आकडा वाटेत कोणी बदलला नाही हे दाखवता आलं नाही, तर इथे त्या आकड्याला कोणी विचारणार नाही. खाणीच्या बाजूचेही नाहीत आणि विरोधातलेही नाहीत. तेव्हा प्रश्न असा होता की गोळा करणाऱ्या डेस्कटॉपवर एईएस-जीसीएम वापरावं की चाचा२०-पॉली१३०५. दोन्ही पद्धती मजकूर झाकतात आणि त्यात फेरफार झाला तर पकडूनही देतात. त्या विशिष्ट मशिनवर वेगात कोण पुढे, एवढंच मोजायचं होतं.

सुट्टीत घरी आलो होतो. नेटवर्क इथे येतं तसं जातं. सोर्सची संकुचित फाइल पेनड्राइव्हवर आणली होती, व्हिज्युअल स्टुडिओ आणि पर्ल मशिनवर आधीच होते. म्हटलं, कंपाइल करायला नेट कशाला लागतंय!

इथे त्या नोट्सचं पहिलं कौतुक करायला हवं, आणि ते मनापासून आहे. सगळं दस्तऐवजीकरण सोर्सच्या आतच आहे. कॉन्फिगरचे पर्याय, प्लॅटफॉर्मची नावं, चाचण्या कशा चालवायच्या, सगळं साध्या मजकुरात. ब्राउझर न उघडता लायब्ररी बांधता येते. आजकाल अनेक सॉफ्टवेअरांची ‘रीडमी’ म्हणजे दुसरीकडे जाण्याच्या लिंकांची यादी असते. टॉवर गेला की ती फाइल मेली. ओपनएसएसएलवाल्यांनी हे टाळलंय. अशा गावात बसून काम केलेल्या माणसालाच त्याची किंमत कळते.

विंडोजच्या टिपांमध्ये सुरुवातीलाच झटपट पायऱ्या दिल्यात. पर्ल बसवा, नॅस्म नावाचा असेम्ब्लर बसवा, दोन्ही पाथमध्ये आहेत ना बघा, व्हिज्युअल स्टुडिओचा डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘पर्ल कॉन्फिगर व्हीसी-विन६४ए’ चालवा, मग ‘एनमेक’, मग ‘एनमेक टेस्ट’, मग ‘एनमेक इन्स्टॉल’. झालं. वाचायला दोन मिनिटं लागत नाहीत. यादी बरोबर आहे, क्रमही बरोबर आहे. तरीही माझी तक्रार याच यादीबद्दल आहे.

कारण ती ‘काय करा’ सांगते आणि ‘कशासाठी’ गाळते. पर्ल कशाला, हे कळायला वेळ लागत नाही. कॉन्फिगर हा स्वतःच पर्लचा प्रोग्रॅम आहे. पण नॅस्म कशाला? यादी वाचणाऱ्याला वाटतं की सी कंपायलर आहे तर हा आणखी एक जोडीदार, असला तर बरा. खरी गोष्ट अशी की ओपनएसएसएलमधले वेगाचे सगळे नाजूक भाग, म्हणजे एईएस, शा, मोठ्या संख्यांचे गुणाकार, प्रोसेसरनिहाय असेम्ब्लीत हाताने लिहिलेले आहेत. आजच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत एईएससाठी खास सूचना असतात, एईएस-एनआय म्हणतात त्या. ओपनएसएसएल त्यांच्यापर्यंत पोचतं ते या असेम्ब्लीच्या दारानेच. नॅस्म नसेल तर ते दार बंद.

माझ्याकडे नॅस्म नव्हता. पेनड्राइव्हवर आणायचा राहिला होता. कॉन्फिगरने सरळ सांगितलं की नॅस्म सापडला नाही, पाथ तपासा, आणि थांबलं. नेट नाही. तेव्हा आठवलं, पूर्वी कुठल्याशा ट्युटोरियलमध्ये पाहिलं होतं: हा एरर आला की ओळीच्या शेवटी ‘नो-एएसएम’ लावा. लावलं. एरर गेला. एनमेक बराच वेळ चालला, पंखा घरघरला, आणि शेवटी एनमेक टेस्टच्या सगळ्या चाचण्या पास. मी खूश! स्पीडची कमांड चालवली, आकडे उतरवले, आलेख काढला. चाचा पुढे, एईएस मागे, फरक नजरेत भरेल इतका. निष्कर्षाचा परिच्छेदही त्याच रात्री लिहून टाकला.

तुमच्या लक्षात आलंच असेल. मी एईएस-एनआय असलेल्या मशिनवर एईएस-एनआय बंद करून एईएस मोजत होतो. साध्या सी-कोडमध्ये चाचा वेगवान पडतो, त्याची रचनाच तशी आहे: बेरीज, एक्सॉर आणि बिटं फिरवणं, बस्स. हार्डवेअरची मदत मिळाली की एईएस-जीसीएम सहसा बाजी मारतं. माझा आलेख खोटा नव्हता, आकडेही नीट उतरवलेले होते. फक्त ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

आता न्यायाने बोलायचं तर मोठ्या इन्स्टॉल फाइलमध्ये ‘नो-एएसएम’समोर स्पष्ट लिहिलंय की हा पर्याय दोष शोधताना वापरायचा, प्रत्यक्ष वापरासाठी नाही. म्हणजे लेखकांनी सांगितलेलं आहे. पण कुठे? पर्यायांच्या लांबलचक यादीत, वर्णक्रमाने, अशा कितीतरी ‘नो-’ शब्दांच्या गर्दीत. ज्याला ते वाक्य हवंय तो माणूस त्या वेळी एररसमोर बसलेला असतो. एरर त्याला एकच रस्ता दाखवतो, नॅस्म बसव. दुसरा रस्ता त्याला इंटरनेटवरचं कॉपी-पेस्ट दाखवतं, धोक्याच्या सूचनेशिवाय. त्याच एररखाली एक ओळ जास्त असती, की नो-एएसएमने बांधाल तर वेगाचे आकडे धरू नका, तर? माझ्या मते दस्तऐवजाची गुणवत्ता तो किती सांगतो यापेक्षा चुकण्याच्या क्षणी काय सांगतो यावर ठरवावी. या कसोटीवर या नोट्स कमी पडतात.

आणि प्रश्न फक्त वेगाचा नाही. एईएसच्या सी-कोडची पारंपरिक पद्धत म्हणजे आधीच काढून ठेवलेल्या तक्त्यांतून किंमती उचलणं. किल्लीप्रमाणे तक्त्यातली जागा बदलते, जागेप्रमाणे कॅशेचा वेळ बदलतो. २००५ मध्ये डॅनियल बर्नस्टाइन यांनी नेमक्या याच वेळेच्या फरकांवरून ओपनएसएसएल वापरणाऱ्या सर्व्हरची पूर्ण एईएस किल्ली काढून दाखवली होती. एईएस-एनआयमध्ये असे तक्तेच नसतात. म्हणजे ‘फक्त हळू चालेल’ असं समजून लावलेला पर्याय सुरक्षेचंही गणित बदलू शकतो.

तुम्ही म्हणाल, चाचण्या पास झाल्या होत्या ना? झाल्या. कारण चाचण्या उत्तर बरोबर आहे का ते बघतात. उत्तर कुठल्या वाटेने आलं, हा त्यांचा विषय नाही. याचं सगळ्यात कडू उदाहरण डेबियनचं आहे. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये मेमरी तपासणाऱ्या साधनाच्या तक्रारीवरून कोडमधला छोटासा भाग काढला गेला. त्याने यादृच्छिक संख्या बनवणाऱ्या यंत्रणेला मिळणारं जवळजवळ सगळं खाद्य बंद झालं. उरला फक्त प्रोसेस क्रमांक. प्रत्येक प्रकारच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. हे उघड झालं मे २००८ मध्ये. दीड वर्षाहून जास्त काळ लोक त्या पॅकेजने किल्ल्या बनवत होते, त्या चालत होत्या, सर्व्हरवर लॉगिन होत होतं. बाहेरून सगळं ठणठणीत. कंपाइल झालं, चाचण्या पास झाल्या, आणि तरीही!

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की तयार बायनरीच घ्यावी. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड उघड झालं तेव्हा १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्या बाधित होत्या. ओपनएसएसएलच्या सूचनेत दोन उपाय होते: १.०.१जी घ्या, आणि ते लगेच जमत नसेल तर हार्टबीट बंद करणारा एक फ्लॅग लावून आहे तीच आवृत्ती पुन्हा कंपाइल करा. ज्यांना स्वतः बांधता येत होतं त्यांच्याकडे एक पर्याय जास्त होता. तेव्हा हे शिकाच.

दुसरी तक्रार. झटपट पायऱ्यांमध्ये कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन अधिकाराने उघडायला सांगितलंय, आणि तेही कॉन्फिगरच्या आधीच. खरं तर अ‍ॅडमिन लागतो शेवटच्या पायरीला, कारण इन्स्टॉल मुळात प्रोग्रॅम फाइल्समध्ये होतं. पण यादी जशीच्या तशी पाळली की कॉन्फिगर, कंपाइल, शेकडो चाचण्या, सगळं पूर्ण अधिकाराने चालतं. इंटरनेटवरून आणलेला कोड, आणि सुरक्षेची लायब्ररी! ही सवय लावू नये. शिवाय विद्यापीठाच्या लॅबमध्ये तुम्हाला अ‍ॅडमिन मिळणारही नाही. ‘प्रीफिक्स’ आणि ‘ओपनएसएसएलडिर’ या दोन पर्यायांनी स्वतःच्या फोल्डरमध्ये बांधा, अ‍ॅडमिनची गरजच पडत नाही.

मात्र हे दोन मार्गही समजून द्या. लायब्ररी कॉन्फिगची फाइल कुठे शोधणार, ती जागा बायनरीत कोरली जाते. २०१९ मध्ये याच मुद्द्यावर एक त्रुटी नोंदवली गेली: मिंगडब्ल्यू वापरून विंडोजसाठी बांधलेल्या आवृत्त्या युनिक्सच्या धर्तीवर सी ड्राइव्हखालच्या ‘यूएसआर/लोकल’मध्ये बघत. विंडोजवर तसं फोल्डर कोणताही साधा वापरकर्ता बनवू शकतो आणि आत स्वतःची कॉन्फिग ठेवू शकतो. स्वतःच्या लॅपटॉपवर चालेल. चारजणांच्या सामायिक मशिनवर नाही.

पेनड्राइव्हने सोर्स आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शा-२५६ तपासा, विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ आहेच, वेगळं काही लागत नाही. पण त्याने एवढंच कळतं की फाइल वाटेत खराब झाली नाही. ज्या संकेतस्थळावरून फाइल घेतली तिथूनच हॅशही घेतला असेल, तर तिथेच घुसलेल्याने दोन्ही बदललेले असू शकतात. म्हणून पीजीपी सही तपासायची. आणि सहीलाही मर्यादा आहे: मार्च २०२४ मध्ये एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत सापडलेलं मागचं दार रीतसर प्रकाशित केलेल्या संकुचित फाइलमध्येच होतं, आणि त्याला चालना देणारा बिल्ड-स्क्रिप्टचा तुकडा सार्वजनिक गिटमध्ये नव्हता. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हीच शंका कंपायलरपर्यंत नेऊन ठेवली होती. तिथे आत्ता जात नाही, रात्र जाईल.

माझी चूक पकडली ती मॅडमनी. आलेख पाठवला तर उत्तरात एकच प्रश्न: “बिल्ड कुठली?” मी आवृत्ती कळवली, ३.०. त्यांनी पुन्हा लिहिलं, “आवृत्ती नाही विचारली, बिल्ड विचारली.” मग शोधाशोध. ‘ओपनएसएसएल व्हर्जन -ए’ कंपायलर, प्लॅटफॉर्म, बांधल्याची तारीख आणि त्या कोरलेल्या जागा दाखवतं. पूर्ण हिशोब हवा असेल तर सोर्सच्या फोल्डरमध्ये ‘पर्ल कॉन्फिगडेटा.पीएम --डंप’ चालवायचं. कोणते पर्याय चालू, कोणते बंद, आणि बंद कशामुळे, सगळं येतं. माझ्या डंपमध्ये बंद पर्यायांच्या यादीत ‘एएसएम’ होतं आणि पुढे कारण: वापरकर्त्याने दिलेला पर्याय. म्हणजे मीच.

ही डंपची कमांड नोट्समधली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, आणि झटपट पायऱ्यांत तिला जागा नाही. संशोधनासाठी वापरणार असाल तर एनमेक टेस्टनंतर ती नववी पायरी स्वतःच जोडा. तिचं आउटपुट फाइलमध्ये वळवा आणि आकड्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवा. पेपरांच्या पद्धतीच्या विभागात ‘आम्ही ओपनएसएसएल वापरलं’ एवढंच वाक्य दिसलं की मी आता तिथेच थबकतो. कुठलं, कशाने बांधलेलं, असेम्ब्ली चालू की बंद? तयार बायनरी वापरली असेल तर तीही कुणीतरी बांधलेलीच असते; ओपनएसएसएल प्रकल्प स्वतः सोर्स देतो, विंडोजच्या तयार बायनरी इतर लोक बांधून देतात.

पुढच्या वेळी एटापल्लीला गेलो तेव्हा नॅस्म उतरवून आणला. फोल्डर स्वच्छ करून पुन्हा कॉन्फिगर केलं, नो-एएसएम न लावता. एकदा चुकून ३२ बिटचा प्रॉम्प्ट उघडला आणि ६४ बिटची बिल्ड मागितली, त्यात तासभर गेला. लिंकरने मशिनचा प्रकार जुळत नाही म्हणून शेवटी हात वर केले. मग नीट झालं. त्याच मशिनवर, त्याच कमांडने, आलेख उलटला: एईएस-जीसीएम पुढे.

जुना आलेख मी काढून टाकलेला नाही. दोन्ही शेजारी ठेवलेत, दोन्हींखाली आपापला डंप. निष्कर्षाचा परिच्छेद मात्र पूर्ण खोडावा लागला, आणि गोळा करणारं मशिन एईएस-एनआय नसलेलं जुनं असेल तर काय, हा नवा प्रश्न येऊन बसला. गावातल्या सामायिक डेस्कटॉपचा प्रोसेसर कुठला आहे ते अजून बघायचंय. वीज असेल तेव्हा जाईन.