'नाइस' : व्युत्पत्ती आणि अधिकार

'नाइस' या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'नेस्किउस' या विशेषणात आहे. त्याचा अर्थ 'अजाण'. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला हा शब्द चॉसरच्या काळी 'मूर्ख' या अर्थाने रूढ होता. पुढे 'नाजूक', 'चोखंदळ', 'काटेकोर' अशी वळणे घेत तो अठराव्या शतकात 'छान' या सैल अर्थापाशी पोहोचला. भाषाविज्ञानाची पाठ्यपुस्तके अर्थोत्कर्षाचे उदाहरण म्हणून त्याची नोंद करतात आणि तेथेच थांबतात. अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांना पडत नाही. जेन ऑस्टेनला तो पडला होता.

'नॉर्थँगर अ‍ॅबी'च्या (प्रकाशन डिसेंबर १८१७) चौदाव्या प्रकरणात कॅथरिन बाथजवळच्या टेकडीवर टिल्नी भावंडांसमवेत फिरावयास जाते. अ‍ॅन रॅडक्लिफच्या 'युडॉल्फो'विषयी (१७९४) बोलताना, जगातील सर्वांत 'नाइस' पुस्तक ते हेच ना, असे ती हेन्रीला विचारते. हेन्री तिला टोकतो : 'नाइस' म्हणजे नीटनेटके, तेव्हा ते बांधणीवर अवलंबून! त्याच्या मते मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, औचित्य, नजाकत यांपुरताच होता. परंतु त्याचे हे 'मूळ' म्हणजे प्रवासातला एक मधला मुक्काम. मूळ हेच प्रमाण मानावयाचे, तर शब्दाचा अर्थ 'अजाण' असाच घ्यावा लागेल, आणि हेन्रीचा पक्ष त्याच्याच युक्तिवादाने कोसळेल. ऑस्टेनला लॅटिन व्युत्पत्ती ठाऊक होती की नाही, हा मुद्दा येथे गौण आहे.

म्हणूनच हा प्रसंग भाषाशुद्धीचा धडा म्हणून वाचणे एकांगी ठरते. पुस्तक 'नाइस' आहे, तर तसे का म्हणू नये, हा कॅथरिनचा प्रतिप्रश्न भोळा वाटला तरी भाषिकदृष्ट्या तोच अधिक भक्कम आहे. तिच्या बाजूने प्रचलित प्रयोग उभा आहे. हेन्रीच्या पाठीशी ग्रंथप्रामाण्य आहे. हा आता वाटभर आपल्यावर जॉन्सन आणि ब्लेअर यांचा मारा करील, असे एलिनॉर थट्टेने म्हणते, तेव्हा कोशकार आणि साहित्यशास्त्रकार या दोन्ही सत्तांचा नामोल्लेखच होतो. मग तीच तो शब्द भावावर उलटविते : 'नाइस' खरा तूच, शहाणा मात्र तेवढा नव्हेस. हेन्रीला मान्य असलेला जुना अर्थच येथे त्याच्याविरुद्ध वापरला जातो. टोला नेमका आहे.

मराठी अनुवादकाची खरी अडचण या वाक्यापाशी होते. कॅथरिनसाठी 'छान' हवे, एलिनॉरसाठी 'चोखंदळ'. आणि दोन शब्द योजताच शब्द उलटविण्याची क्रियाच नाहीशी होते. 'नाइस' तसाच ठेवावा, तर मराठीत तो आला आहे केवळ शेवटच्या अर्थाने. कॅथरिन मराठी वाचकाला सहज कळेल. एलिनॉरचा टोला तळटीपेत जाईल.