मावळातला मतदार आणि मावळातला कामगार

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे निकाल लागले. सहाच महिन्यांपूर्वी लोकसभेच्या ४८पैकी ३० जागा जिंकलेल्या महाविकास आघाडीच्या तिन्ही मुख्य पक्षांना मिळून २८८पैकी ४६ जागा मिळाल्या. महायुतीचे तीन पक्ष २३०वर पोहोचले. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी वडगाव मावळला एका कार्यकर्त्याच्या घरी आम्ही पंधरा-सोळा जण जमलो होतो. मी तळेगावात तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. कुठल्या पक्षाचा सभासद नाही, पण पुरोगामी म्हणवणाऱ्यांच्या बैठकीत मला बोलावतात आणि मी जातो. बैठकीचा विषय होता : कष्टकऱ्यांची मते आपल्याकडून का गेली आणि ती परत कशी आणायची?

पहिल्या अर्ध्या तासातच दोन तट पडले. एकाचे म्हणणे, आपण आरक्षण, जात, संविधान यांतच अडकलो. पगार, महागाई, कंत्राटी नोकरी यांवर बोललो असतो तर कामगार आपल्याकडे राहिला असता. दुसऱ्याचे म्हणणे, तुम्ही ‘कामगार’ म्हणता तेव्हा त्याची जात लपवता आणि म्हणून तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. हा वाद मी विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहे. २०१६ला आणि पुन्हा २०२४ला हरल्यावर अमेरिकेतले डेमोक्रॅट हाच वाद वंश आणि वर्ग या शब्दांत घालत होते. २०१९ला उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या कामगार वस्त्या गमावल्यावर ब्रिटनच्या मजूर पक्षातही तो झाला.

घरमालकाचा भाडेकरू चहा द्यायला मदत करत होता. मूळचा लातूर जिल्ह्यातला, वय पंचविशीचे, तळेगाव एमआयडीसीत कंत्राटी कामाला. मी त्याला विचारले, “तू कुणाला मत दिलंस?” तो म्हणाला, “सर, माझं नाव गावाकडच्या यादीत आहे. इथं मी नुसता कामाला आहे.” मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी कायद्याने आहे, हे मी त्याला सांगितले. तो हसला. लातूरला जाऊन यायला एक दिवस पुरत नाही, हे मलाही ठाऊक होते.

त्या एका वाक्याने माझा बैठकीतला रस संपला. ज्याची मते ‘परत आणायची’ म्हणून आम्ही दोन तास भांडत होतो, त्याचे मत मावळात कधी नव्हतेच. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे : मावळात कामगार आणि मतदार ही बऱ्याच अंशी दोन वेगळी माणसे झाली आहेत. ‘जात की वर्ग’ हा वाद त्या फटीवरून उडी मारून पुढे जातो.

चिन्हाविना निवडणूक

मावळ विधानसभेची जागा पाव शतक भाजपकडे होती. २०१९ला भाजपने उमेदवारी नाकारलेले सुनील शेळके राष्ट्रवादीत गेले आणि त्यांनी राज्यमंत्री बाळा भेगडे यांना मोठ्या फरकाने हरवले. २०२४ला शेळके अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून, म्हणजे महायुतीचे उमेदवार होते. समोर बापू भेगडे अपक्ष. तेही कालपरवापर्यंत त्याच राष्ट्रवादीत होते. महाविकास आघाडीने त्यांना पाठिंबा दिला आणि भाजपचे नाराज पुढारीही त्यांच्यामागे उभे राहिले. शेळके एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले.

याचा अर्थ काय? आघाडीच्या तिन्ही पक्षांपैकी एकाचेही चिन्ह मावळच्या मतदान यंत्रावर नव्हते. मतदार आपल्याकडे परत यावा असे म्हणणाऱ्यांनी त्याला परतायला बटण ठेवले नव्हते. दोन्ही प्रमुख उमेदवार तळेगावचे, एकाच पक्षातून आलेले. फरक होता तो गावकी-भावकीचा, केलेल्या कामांचा आणि कोण कुणाच्या उपयोगी पडला याचा. अशा लढतीत मतदाराने ‘वर्गाचे’ किंवा ‘विचाराचे’ मत द्यायचे कसे? बैठकीत हा मुद्दा मी काढला, तेव्हा ‘स्थानिक समीकरण’ एवढे बोलून तो बाजूला ठेवला गेला. माझ्या मते पराभवाचे मूळ त्या दोन शब्दांत आहे.

१,४१९ आणि एक लाख

तळेगावातल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात २००८पासून गाड्या बनत होत्या. डिसेंबर २०२०मध्ये उत्पादन थांबले आणि एप्रिल २०२१मध्ये १,४१९ कामगारांना कामबंदीची नोटीस मिळाली. हे कायम कामगार होते. त्यांची संघटना होती, घरांचे हप्ते होते, मुलांच्या शाळा इथे होत्या. आपल्या भागातला कामगार आणि मतदार एकाच माणसात सापडावा, अशी ही मोजकी उदाहरणे. ते न्यायालयात लढले, रस्त्यावर बसले. पुढे ह्युंदाईने कारखाना घेतला. तो व्यवहार जमीन, इमारती आणि यंत्रसामग्रीचा होता. माणसे त्यात नव्हती.

सप्टेंबर २०२२मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जात असल्याचे जाहीर झाले आणि महाराष्ट्र पेटला. लाखभर रोजगार गेले, असे प्रत्येक सभेत सांगितले जात होते. मीही तळेगावातल्या एका सभेत तावातावाने बोललो. त्याआधी कामबंदी झालेल्या कामगारांच्या मंडपात मी एकदाच गेलो होतो, वीस मिनिटे बसून परतलो होतो. जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. तो प्रकल्प ठरला होता तसा गुजरातेतही उभा राहिला नाही. न आलेल्या एक लाख नोकऱ्यांसाठी माझा आवाज चढला आणि गेलेल्या १,४१९ नोकऱ्यांसाठी वीस मिनिटे निघाली. त्या घरांतल्या कुणी आम्हाला मत दिले नसेल, तर त्याला जात कारण की वर्ग, हे विचारायचा मला काय अधिकार?

मनमाडचा धडा

जात आणि वर्ग यांच्या नात्यावर मराठी मुलखात झालेला सर्वांत स्वच्छ विचार शोधायला लांब जावे लागत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७च्या निवडणुकीत लढवलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. फेब्रुवारी १९३८मध्ये जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या मनमाड परिषदेत त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याहून महत्त्वाचा होता त्यांनी दिलेला तपशील. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नाहीत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि सवर्ण कामगाराला विटाळ नको. रेल्वेत तो गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते, म्हणून पोर्टरही होत नाही. म्हणजे जास्त मजुरीच्या कामाचे दार जातीने बंद, आणि ते बंद ठेवण्यात मालकाइतकाच शेजारच्या कामगाराचाही हात.

लोणावळेकराने हा तपशील दोनदा वाचावा. खंडाळ्याचा घाट चढणारी जी. आय. पी.ची लाइन आपल्या गावातून जाते. लोणावळा, वळवण, शिरवत्याच्या तलावांचे पाणी १९१५पासून खोपोलीला उतरून वीज करत होते आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना जात होती. पाणी मावळचे, माग मुंबईचा, आणि त्या मागापाशी उभे राहायची अस्पृश्याला बंदी.

यापूर्वी तीनच वर्षे, १९३५मध्ये, अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांनी असाच मुद्दा मांडला होता : गोऱ्या मजुराला पैशाची मजुरी कमी मिळाली तरी गोरेपणाचा मान ही एक वेगळी मजुरी मिळते आणि तिच्यापायी तो काळ्या मजुराशी हात मिळवत नाही. आंबेडकरांनी १९४६मध्ये त्यांना पत्रही लिहिले होते. दोघांचाही निष्कर्ष, माझ्या वाचनाप्रमाणे, एकच : मान ही मजुरीचाच भाग आहे. ‘भाकरीवर बोला, जातीवर नको’ असे म्हणणाऱ्याला कामगाराची मजुरी पुरती मोजताच आलेली नसते.

या विचाराचे पुढे काय झाले? ७ नोव्हेंबर १९३८चा संप स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी खांद्याला खांदा लावून केला. १९४२मध्ये मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली. १९५२मध्ये उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात आंबेडकर हरले. कम्युनिस्टांनी मतदारांना राखीव जागेचे मत वाया घालवायला सांगितले, असा आरोप करणारी निवडणूक याचिका त्यांनी आणि अशोक मेहतांनी केली. ती फेटाळली गेली. आरोपाचे खरे-खोटे काहीही असो, चौदा वर्षांत संपातले सोबती मतपेटीपाशी एकमेकांना पारखे झाले होते. १९५४मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला ते तळेगावपासून हाकेच्या अंतरावर, देहूरोडला आले आणि लष्करी डेपोच्या आसऱ्याने वाढलेल्या त्या गावात त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या समारंभाचा हेतू धार्मिक होता, त्यातून निवडणुकीचा अर्थ काढणे चूक ठरेल. मला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते, की दोन पराभवांनंतरही ते वस्तीत जात राहिले.

भूमिपुत्र आणि बाहेरचा

आजच्या मावळात ती बंद दारे कुठे आहेत? कंपनीच्या गेटवर या. कामगार पुरवण्याचा ठेका, कँटीन, गाड्या, भंगार, हाऊसकीपिंग हे सगळे बहुतेक स्थानिकांकडे असते आणि ते मिळवायला ओळख लागते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना ‘भूमिपुत्र’ म्हणून हा वाटा मिळावा, हे रास्त आहे. पण जमीन ज्याच्या नावावर होती त्यालाच ठेका. त्याच्या बांधावर राबणाऱ्याला, कातकऱ्याला, गावकुसाबाहेरच्या घराला काय? त्याच्या वाट्याला झाडू किंवा लोणावळ्याच्या बंगल्यावरची राखण. तो इथला मतदार आहे, पण ठेक्याच्या माणसाला दुखवून त्याला काम मिळत नाही. जो बाहेरून आला, मराठवाड्यातून, बिहारमधून, ओडिशातून, तो लाइनवर उभा राहून माल बनवतो, आणि इथल्या पुढाऱ्याच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. काहींना काम आणि मत दोन्ही नाही : कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मावळ लोकसभेचे मतदान १३ मे २०२४ला होते.

म्हणून ठेकेदार आणि मुकादम हीच इथली राजकीय यंत्रणा आहे. ती एकाच वेळी जातीची आणि वर्गाची आहे.

जानेवारी २०२४च्या अखेरीस मनोज जरांगे यांचा मोर्चा मुंबईकडे जाताना लोणावळ्याजवळ मुक्कामाला होता. आमच्या वर्तुळातल्या काहींनी तो ‘जातीचा मोर्चा’ म्हणून निकाली काढला. मी बघायला गेलो. तिथे भेटलेल्या तरुणांपैकी दोघे चाकणला कंत्राटी कामाला होते, सुट्टी टाकून मोर्चात आलेले. कंत्राटी कामाला ना आरक्षण, ना कायमपणा, आणि गावाकडच्या शेतीत पोट भरत नाही. त्यांच्या रागाला वर्गाची भाषा कुणी दिली नव्हती. जातीची भाषा तयार होती, त्यांनी ती घेतली. लातूरचा आमचा भाडेकरूही त्यांतलाच. पण त्याच्याच कारखान्यात शौचालये साफ करणारी माणसे कोणत्या जातींची आहेत, हे त्याला विचारल्यावर तो गप्प झाला. त्याची मानाची मजुरी तिथे जमा होत होती. त्याच्याशी बोलायचे तर हे दोन्ही बोलावे लागेल.

मग करायचे काय

जानेवारी २०२३मध्ये निवडणूक आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना दाखवायला पक्षांना बोलावले. बहुतेक विरोधी पक्षांनी शंका घेतल्या. त्या रास्त असतीलही, पण आमच्या चर्चेत तो विषय तिथेच संपला. यंत्राविनाही करण्यासारखे बरेच आहे. जिथे सामान्यतः राहतो तिथे नाव नोंदवण्याचा हक्क आजच्या कायद्यात आहे. बेघर माणसाच्या बाबतीतही आयोगाचा कर्मचारी प्रत्यक्ष जाऊन खात्री करू शकतो. त्या वेळी नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर होत्या.

जानेवारीपासून आम्ही तिघे-चौघे रविवारी खोल्या-खोल्यांवर जातो आणि अर्ज भरून घेतो. आकडा सांगण्यासारखा नाही, चाळीसच्या आत आहे. घरमालक भाडेपत्र द्यायला तयार नसतो, कारण भाडेकरू मतदार झाला की उद्या हक्क सांगेल अशी त्याला भीती वाटते. हे घरमालक आमच्याच बैठकीतले असतात, हेही इथे लिहून ठेवतो.

लातूरच्या त्या मुलाचा अर्ज मात्र अजून भरलेला नाही. मी दोनदा विचारले. दुसऱ्यांदा तो म्हणाला, “सर, इथं मत आणलं तर गावात मला विचारणार कोण? इथं उद्या काम सुटलं तर मी परत तिकडंच जाणार ना?”

त्याचे बरोबर आहे. ज्या गावात त्याची नोकरी अकरा महिन्यांची आहे, तिथे त्याने आयुष्यभराचे मत का ठेवावे? त्याचे मत मिळवण्याआधी त्याला इथे टिकता येईल असे काम मिळवून द्यावे लागेल. ते ठेकेदाराशी, म्हणजे आमच्याच ओळखीच्या, नात्यातल्या, भावकीतल्या माणसांशी भांडल्याशिवाय मिळणार नाही. वडगावच्या बैठकीत हे भांडण कुणी काढले नाही. मीही काढले नाही.