'अचूक' म्हणजे कशाशी अचूक? वाळवंटातले ब्रिटिश रणगाडे आणि पुराव्यांची उतरंड

प्राथमिक साधन कोणतं आणि दुय्यम कोणतं, याच्या व्याख्या आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतात. सेट-नेटला त्या लागतातच. पण एकाच गोष्टीबद्दल चार साधनं चार वेगळ्या गोष्टी सांगायला लागली, की व्याख्या फारशी कामाला येत नाही. म्हणून आज आपल्या विषयांपासून मुद्दाम लांबचं एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत लढलेल्या ब्रिटिश रणगाड्याचं प्लॅस्टिक मॉडेल केलं, तर त्याला 'अचूक' रंग कोणता द्यायचा?

प्रश्न पोरकट वाटतो, पण त्यावरचा वाद चांगला अनेक दशकं चाललाय. आणि त्यात दोन्ही बाजूंनी केलेल्या चुका आपण प्रबंधात रोज करू शकतो.

आधी प्रकरण समजून घेऊ. 1940-41 मध्ये इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटातले अनेक ब्रिटिश रणगाडे तीन रंगांच्या, सरळ कडांच्या तिरप्या पट्ट्यांनी रंगवलेले होते. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावावरून या रंगसंगतीला 'कॉन्टर स्कीम' म्हणतात. सगळ्यात फिका रंग वाळूसारखा, सगळ्यात गडद रंग पाटीच्या दगडासारखा. वाद आहे तो मधल्या रंगाचा. कित्येक वर्षं तो चक्क आकाशी निळा दाखवला गेला. जतन करून पुन्हा रंगवलेल्या रणगाड्यांवर आकाशी, किटच्या खोक्यावरच्या चित्रात आकाशी, पुस्तकांतल्या रंगीत पानांवरही आकाशी.

पुढे माइक स्टार्मर यांच्यासारखे अभ्यासक मूळ कागदपत्रांकडे गेले. तिथे रंग नावानिशी आणि क्रमांकानिशी दिलेले होते: पोर्टलँड स्टोन 64 किंवा लाइट स्टोन 61, सिल्व्हर ग्रे 28 आणि स्लेट 34. हे क्रमांक ब्रिटिश स्टँडर्ड 381 या रंगयादीतले. आपल्याकडे रंगाच्या दुकानात शेड कार्ड मिळतं ना, तसलाच प्रकार, फक्त सरकारमान्य. गंमत म्हणजे ही यादी पुढेही चालू राहिली. त्यातला 28 नंतर 628 झाला. आणि तो सिल्व्हर ग्रे आकाशी नाहीच. तो किंचित हिरवट झाक असलेला राखाडी आहे.

मग इतकी वर्षं इतके लोक निळा का म्हणत होते? सगळ्यांना मूर्ख ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते संशोधन नाही. चूक घडली कशी, हे सांगता आलं तरच दुरुस्ती पक्की होते.

एक कारण आपल्या डोळ्यांतच आहे. पिवळसर रंगाला चिकटून राखाडी लावला, की तो निळसर दिसतो. कागदावर करून बघा. म्हणजे 'मी निळा पट्टा पाहिला' असं सांगणारा माणूस प्रामाणिक असू शकतो. तो त्याला काय दिसलं ते सांगतोय; डब्यात कोणता रंग होता ते नाही.

दुसरं कारण फोटो. बहुतेक फोटो कृष्णधवल. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे तांबूस-पिवळे रंग गडद येतात आणि निळे फिके. पॅनक्रोमॅटिक फिल्मचं गणित वेगळं, आणि कॅमेऱ्यावर पिवळा फिल्टर असेल तर आणखी वेगळं. म्हणून अशा फोटोवरून पट्ट्यांचा आकार, त्यांची जागा, कोणता पट्टा कोणत्या पट्ट्यापेक्षा गडद, हे बऱ्यापैकी सांगता येतं. तो पट्टा निळा की हिरवट, हे सांगता येत नाही. साधन प्राथमिक आहे, पण *या* प्रश्नासाठी ते मुकं आहे.

तिसरं कारण मला सगळ्यात गंभीर वाटतं: साधनांचं वर्तुळ. रंगवलेला रणगाडा बघून चित्रकार चित्र काढतो, चित्र बघून रंगाची बाटली बनते, आणि पुढचा माणूस म्हणतो, 'तीन ठिकाणी आकाशीच आहे, म्हणजे पक्कं.' ते तीन पुरावे नसतात. एकाच पुराव्याचे ते तीन प्रतिध्वनी असतात. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये सात संदर्भ देऊन सातही जण एकाच जुन्या लेखाकडे बोट दाखवत असतील, तर तुमच्याकडे संदर्भ एकच आहे.

इथपर्यंत निळ्यावाल्यांची झाडाझडती झाली. आता जिंकलेल्या बाजूकडे वळू, कारण तिथेही गडबड आहे. क्रमांक सापडल्यावर काही जण तो वेदवाक्यासारखा वापरतात: बाटलीतला रंग शेड कार्डाशी तंतोतंत जुळला की मॉडेल 'अचूक'. पण आदेश काय सांगतो? काय *लावायला हवं* होतं, ते. लावलं काय, किती पातळ करून, आणि सहा महिने उन्हात आणि वाळूत राहिल्यावर ते कसं दिसत होतं, हे आदेशात नसतं. उन्हाने रंग खडूसारखा पांढुरका पडतो, वर धूळ बसते.

शिवाय तारीख. वाळवंटातले आदेश बदलत गेले. 1942 च्या उत्तरार्धात 'डेझर्ट पिंक' नावाचा गुलाबीसर रंग आदेशांत येतो. पण आदेश निघाला म्हणून त्याच दिवशी सगळी वाहनं रंगत नाहीत. त्यामुळे 'ब्रिटिश वाळवंटी रंग कोणता?' या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणता रणगाडा, कुठे, कोणत्या महिन्यात, हे ठरवल्याशिवाय रंगाची बाटली उघडू नये.

आणखी एक पळवाट नेहमी दिसते. 'मॉडेल लहान असतं, लांबून पाहिल्यासारखं दिसायला हवं, म्हणून रंग फिका करावा.' सादरीकरणाचा निर्णय म्हणून हे मान्य. पण किती फिका करायचा याचं माप दिलं नाही, तर या एका वाक्याखाली कोणताही रंग खपवता येतो. जे विधान काहीही झालं तरी खोटं ठरू शकत नाही, त्याने कशाचंच समर्थन होत नाही.

माझ्या मते 'अचूक' हा शब्द एकट्याने वापरूच नये. 'आदेशाशी अचूक', 'नव्याने रंगवलेल्या वाहनाशी अचूक', 'अमुक फोटोतल्या वाहनाशी सुसंगत' हे तीन वेगळे दावे आहेत, आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. फिका केलेला सिल्व्हर ग्रे तिसऱ्या दाव्यात बसू शकतो, पहिल्यात नाही. आकाशी निळा मात्र तिन्हींत बसत नाही. म्हणजे दावा नेमका केला म्हणून 'ज्याचं त्याचं मत' असं होत नाही. उलट चुकीचं उत्तर बाहेर काढणं सोपं होतं.

आता तुमच्या सिनॉप्सिसमधलं एक विधान घ्या, ज्याबद्दल तुम्हाला अजिबात शंका नाही असं. त्याखालचे संदर्भ मागे मागे तपासत जा आणि ते शेवटी किती स्वतंत्र ठिकाणी पोहोचतात ते मोजा. मग त्या ठिकाणच्या साधनाला विचारा: तू काय ठरलं होतं ते सांगतोस, काय घडलं ते, की कुणाला काय दिसलं ते? गाइडने व्हायवाच्या आधी हे विचारण्यापेक्षा आपणच विचारलेलं बरं.