दया आणि हक्क : देहविक्रयाचा प्रश्न व भारतीय साहित्य

भारतीय कथासाहित्याने वेश्येला नायिकापद पुष्कळ लवकर दिले. तिच्या स्वतःच्या शब्दांना मात्र फार उशिरा जागा दिली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रीला गुन्हेगारीच्या कक्षेतून मुक्त करावे काय, या वादाचे मर्म या विलंबात दडलेले आहे.

प्रेमचंदांची ‘सेवासदन’ (१९१९) ही कादंबरी या दृष्टीने पुन्हा वाचावी. पतीने रात्री घराबाहेर काढलेल्या सुमनला प्रतिष्ठित वकिलाच्या घरीही लोकापवादाच्या भयाने आसरा उरत नाही, आणि ती बनारसच्या दालमंडीत जाते. पुढे वेश्यांना तेथून हलविण्याचा प्रश्न नगरपालिकेत येतो. सभासद नीती, मालमत्ता, हिंदू-मुसलमान अशा सर्व अंगांनी वाद घालतात. ज्यांची घरे उठवायची, त्यांना त्या सभेत आसन नाही. हुंडा व विजोड विवाह ही पतनाची कारणे प्रेमचंदांनी अचूक हेरली. उपाय मात्र त्यांना आश्रमातच सापडला.

स्वतंत्र भारताचा १९५६ चा कायदा बऱ्याच अंशी याच वाटेने गेला. तो देहविक्रयाला स्वतंत्रपणे गुन्हा ठरवीत नाही. परंतु कुंटणखाना चालविणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे आणि दुसऱ्याच्या अशा कमाईवर जाणूनबुजून जगणे हे गुन्हे मानतो. परिणामी तिच्या मिळकतीवर पोसली जाणारी वृद्ध आईदेखील आरोपी ठरू शकते. रक्षणासाठी कायद्याने संरक्षणगृहे योजली आणि दयेला कुलूप जोडले.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) ही दयेची भाषाच नाकारली. कामाठीपुऱ्याकडे हा कवी सुधारकाच्या नजरेने पाहत नाही. भूक, जात आणि हिंसा यांच्या एकाच साखळीत तो वेश्येला पाहतो. म्हणूनच ‘स्वेच्छा’ या शब्दावर सगळा युक्तिवाद उभारणाऱ्यांनाही हा संग्रह स्वस्थ बसू देत नाही. परंतु येथेही बोलतो तो कवीच.

नलिनी जमीला यांचे मल्याळम आत्मकथन (२००५) ही उणीव भरून काढते. दुसऱ्याच्या साहाय्याने लिहिली गेलेली पहिली आवृत्ती पसंत न पडल्याने त्यांनी ते नव्याने सिद्ध केले. ही केवळ संपादनाची बाब नव्हे. आपले जीवन कोणी सांगावे, हाच येथे मूळ प्रश्न आहे. लेखिका उद्धाराची याचना करीत नाही. शिक्षेपासून मुक्तता मागते.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा घटनादत्त अधिकार असल्याचे सांगून पोलिसांना सभ्य वर्तनाचे निर्देश दिले. तथापि मूळ कायदा त्यामुळे रद्द झाला नाही. गुन्ह्याची कलमे सैल केल्यास दलाल व मुली पळविणारे मोकाट सुटतील, ही विरोधकांची भीती निराधार म्हणता येत नाही. परंतु दलालाला शासन करण्यासाठी त्या स्त्रीलाही पोलिसांच्या धाकात ठेवावे, हा त्यावरचा उपाय नव्हे. छळाची तक्रार करायला तिने जावे कोठे? ‘गोलपिठा’ने दाखविलेली भूक एखादे कलम वगळल्याने मिटणार नाही, हेही तितकेच खरे. धाक कायद्याने उठवता येतो. भूक आणि जात यांचे उत्तर समाजालाच द्यावे लागेल. ते शोधताना ‘सेवासदन’मधील त्या सभेत रिकामे राहिलेले आसन आधी भरले पाहिजे.