गंज आणि कॅप्सूल

कॅप्सूलवाल्या कॉफीयंत्राबद्दल बोलायचं म्हटलं की लोक आधी चवीवर येतात, म्हणून ते पहिल्यांदा उरकून टाकतो. चव चांगली असते. रोज तीच असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना गॅससमोर उभं न राहता, अर्ध्या मिनिटात, वर तपकिरी फेस असलेली एस्प्रेसो मिळते आणि ती बऱ्याच कॅफेंतल्या कॉफीपेक्षा वाईट नसते. कॉफीतले दर्दी नाक मुरडतील, मुरडू द्या. माझी तक्रार कपात काय येतं याबद्दल नाही. एका वेळी एकच कप का येतो, याबद्दल आहे.

हे यंत्र मुळात घरासाठी जन्मलं नव्हतं. नेस्ले कंपनीतला स्विस इंजिनिअर एरिक फाव्र याने कॅप्सूलची कल्पना सत्तरच्या दशकात मांडली. १९७६मध्ये तिचं पेटंट झालं आणि १९८६मध्ये ‘नेस्प्रेसो’ या नावाने ती बाजारात आली, तेव्हा डोळ्यांसमोर गिऱ्हाईक होतं ते कार्यालयांचं. श्रीमंत घरांकडे मोर्चा नंतर वळला. अमेरिकेत ‘क्युरिग’चंही तसंच झालं. जॉन सिल्व्हन आणि पीटर ड्रॅगोन यांनी काढलेल्या या कंपनीचं पहिलं यंत्र १९९८मध्ये आलं, तेही ऑफिसांसाठी. सकाळी जगभर कॉफी करून ठेवायची आणि दुपारपर्यंत तीच करपट, शिळी कॉफी ओतत बसायची, हा त्यांचा प्रश्न होता. ऑफिससाठी तो खरा प्रश्न आहे. तिथे वीस माणसं वीस वेळांना उठतात आणि कोणी कोणासाठी कॉफी करणं लागत नाही. प्रत्येकाला आपापला ताजा कप आणि मागे धुवायला काही नाही, हे उत्तर तिथे चोख बसतं.

मग करोनाच्या काळात ऑफिस घरी आलं. आमच्याकडे आधी लॅपटॉप आला, मग पाठीला आधार देणारी खुर्ची, मग दुसरं इंटरनेट कनेक्शन आणि त्या रांगेत शेवटी हे यंत्र. ते स्वयंपाकघरात ओट्यावर बसलं, पण स्वभावाने ते माझ्या टेबलाचंच राहिलं.

घराचा प्रश्न वेगळा असतो. विदर्भात चहाच्या पातेल्याला आम्ही गंज म्हणतो. (लोखंडाला चढतो तो गंज वेगळा, हे पुण्याच्या मित्रांना दरवेळी सांगावं लागतं.) गंजाला आकडा ठाऊक नसतो. चौघांचा चहा उकळतोय आणि पाचवा दारात आला, तर अर्धा कप पाणी वाढतं, वर चिमूटभर पत्ती पडते आणि प्रत्येकाच्या कपातला एक घोट कमी होतो. आलेल्याला ते कळतही नाही. या सगळ्यामागे जे आहे त्याला मराठीत अंदाज म्हणतात. तो कुठे लिहून ठेवलेला नसतो, हातात असतो. घरातली कॉफीसुद्धा याच अंदाजावर चालायची: भरपूर दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ, कोणाला किती ते ज्याचं त्याला माहीत.

यंत्राला हे जमत नाही. दिवाळीत चार पाहुणे एकदम आले तेव्हा मी हौसेने चौघांची कॉफी करायला घेतली. दूध फेसाळायचं भांडं वेगळं, कॅप्सूल वेगळी, मध्येच टाकीतलं पाणी संपलं. पहिला कप काकूंच्या हातात गेला.

‘घ्या ना काकू, थंड होईल.’

‘येऊ दे सगळ्यांची. घाई काय आहे!’

आपल्याकडे एकटीने घोट घेत नाहीत, हे कोणी काकूंना शिकवलेलं नाही आणि यंत्रालाही शिकवता येत नाही. चौथा कप आला तेव्हा पहिल्यावर साय धरली होती. तोवर आईने शांतपणे गंज चढवलेला होता.

माझ्या धंद्यात ‘एन्कॅप्सुलेशन’ नावाची एक गोष्ट आहे, दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरला शिकवतात. आतली भानगड झाकून ठेवायची आणि बाहेर फक्त मोजकी दारं ठेवायची. ते मला अजूनही सुंदर वाटतं. पण त्यामागचं कारण लक्षात घ्या: आतलं झाकायचं ते उद्या बदलता यावं म्हणून, वापरणाऱ्याला धक्का न लावता. कॉफीच्या कॅप्सूलमध्ये झाकणं नेमकं उलट्या कामाला लावलंय. आतलं कोणी बदलू नये म्हणून ते झाकलंय. दळण किती बारीक, पूड किती, पाणी किती, हे सगळं कारखान्यात ठरून येतं. नेस्प्रेसोच्या ‘व्हर्च्युओ’ यंत्रांत तर कॅप्सूलच्या कडेला बारकोड असतो. तो वाचून यंत्र किती वेगाने फिरायचं आणि किती पाणी सोडायचं ते ठरवतं. म्हणजे प्रोग्रॅम कॅप्सूलमध्ये आहे आणि आपण फक्त बटण दाबणारे.

क्युरिगने २०१४मध्ये याच्याही पुढची पायरी गाठली. नव्या यंत्राला झाकणावरची विशिष्ट खूण दिसली तरच ते चालायचं, दुसऱ्या कंपनीची कॅप्सूल ते नाकारायचं. लोकांनी जुन्या कॅप्सूलचं झाकण कापून नवीवर चिकटपट्टीने डकवलं आणि काम भागवलं. कॉफीसाठी हॅकिंग करायची वेळ आली. पुढच्या वर्षी कंपनीला काही अंशी माघार घ्यावी लागली. मला त्या चिकटपट्टीवाल्यांच्यात गंजाचाच अंश दिसतो: आहे त्यात भागवू, पण किती आणि कोणाचं ते आम्ही ठरवू.

इथवर लिहून मी गंजाच्या बाजूने निकाल देऊन मोकळा झालो असतो. पण एक गोष्ट आड येते. गंजाचं कौतुक करणारे बहुतेक लोक तो स्वतः चढवत नाहीत. त्या अंदाजामागे एक माणूस असतं आणि आमच्या घरात ते माणूस तीस वर्षं एकच होतं. ‘पाणी वाढव’ ही बैठकीतून स्वयंपाकघरात जाणारी हाक आहे आणि ती ऐकून जी उठते तिचा स्वतःचा चहा तोवर निवलेला असतो. यंत्र आल्यापासून बाबा आपली कॉफी आपण करतात. आयुष्यात पहिल्यांदा. दूध कुठे असतं ते त्यांना कळलंय, कप विसळून पालथा घालतात. दुपारी चारला आई पुस्तक घेऊन बसलेली असते आणि तिला कोणी उठवत नाही. कोणी कोणाचं देणं लागत नाही, ही ऑफिसातली कोरडी रीत घरात शिरली म्हणून मी कुरकुरतोय, आणि तिचा सगळ्यात मोठा फायदा ज्या बाईला झाला ती माझ्या समोरच बसलीय. ते मोजल्याशिवाय या यंत्रावर केलेली टीका पुरुषी हळहळ ठरेल.

आता हिशोब. मी घेतो ती कॅप्सूल साठ रुपयांच्या आसपास पडते आणि आत पाच-साडेपाच ग्रॅम कॉफी असते. त्रैराशिक मांडलं तर किलोला अकरा-बारा हजार रुपये. चिकमगळूर-कोडगूच्या चांगल्या भाजलेल्या बिया मला किलोमागे दोन हजारांच्या आतबाहेर मिळतात. मधला फरक कॉफीचा नाही, अंदाज न लागण्याचा आहे.

आणि कचरा. ॲल्युमिनियमची कॅप्सूल साधारण ग्रॅमभराची. धातू पुन्हा वापरता येतो हे खरं, पण आत ओला चोथा अडकलेला असतो. बाबांनी रिकाम्या कॅप्सूल गच्चीवर कुरडयांसारख्या वाळत घातल्या, चोथा कुंड्यांत टाकला आणि पिशवीभर ॲल्युमिनियम कबाड्याला दाखवलं. किलो भरायला हजार नग लागतात. त्याने पिशवी हातात तोलली आणि परत दिली. आमच्यासारखा वाळवायचा उद्योग न करणाऱ्या घरांतली कॅप्सूल शेवटी भांडेवाडीच्या ढिगात जात असणार. हॅम्बुर्ग शहराने २०१६मध्ये सरकारी पैशातून अशा कॅप्सूल घेणं बंद केलं. खुद्द जॉन सिल्व्हनने २०१५मध्ये एका मुलाखतीत सांगितलं, की हे काढल्याचं आपल्याला कधीकधी वाईट वाटतं आणि आपल्या घरी असलं यंत्र नाही.

माझ्या घरी आहे, आणि राहणार आहे. सध्या मी स्टीलची, पुन्हा भरायची कॅप्सूल वापरतो. पूड आपली, दळण आपलं. सुरुवातीचे काही कप पाणचट आले, मग बारीक दळून दाबून भरल्यावर फेस धरू लागला. आईने एकदा त्यात चिमूटभर जायफळ घालून पाहिलं. कॉफी ठीक झाली, पण जायफळ गाळणीत अडकलं आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या कॉफीला त्याचाच वास. ‘वरूनच घाला’, असं आता ठरलंय. चौघांहून जास्त माणसं असली की गंज, आणि तो चढवायची पाळी माझी.