नाशिकच्या बिशपना कोण बदलू शकतं? : एका त्रिकोणाची चिरफाड

माझ्या पहिल्या प्रगती-सादरीकरणातली सहावी स्लाइड मी अजून लॅपटॉपमध्ये जपून ठेवली आहे. तिच्यावर एक त्रिकोण आहे. टोकाला पोप, खाली कार्डिनल, मग आर्चबिशप, मग बिशप, मग फादर आणि तळाशी बारीक अक्षरात 'श्रद्धावंत'. समोर बसलेल्या सरांनी विचारलं, "समजा, मुंबईच्या आर्चबिशपना नाशिकचे बिशप पसंत नाहीत. ते त्यांची बदली करू शकतील का?" मी म्हटलं, "हो सर, वरिष्ठ आहेत ना ते." सर काहीच बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं. समोरचा माणूस न बोलता वहीत लिहायला लागला की पोटात गोळा येतो, हे पीएच.डी.ला बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

उत्तर चुकीचं होतं. आणि चूक माझ्या एकट्याची नव्हती, म्हणून हे लिहितोय. हा त्रिकोण प्रबंधांत, गाइडांत, नेटवरच्या नोट्समध्ये सर्रास दिसतो. आपल्याला जिल्हाधिकारी–प्रांत–तहसीलदार–तलाठी ही उतरंड पाठ असते. चर्चही तसंच चालत असणार, असं आपण धरून चालतो.

कॅथलिक चर्चचा कायदा (लॅटिन चर्चची 1983 ची संहिता) उघडून पाहिली की पहिला धक्का व्याख्येतच बसतो. कलम 369 मध्ये धर्मप्रांत म्हणजे भूभाग नाही. बिशपकडे सोपवलेला देवाच्या प्रजेचा एक हिस्सा, म्हणजे माणसं, अशी ती व्याख्या आहे. भूभाग येतो कलम 372 मध्ये, आणि तोही 'साधारण नियम म्हणून'. या दोन कलमांतलं अंतर लक्षात ठेवा, पुढे नंदुरबारला पोचल्यावर ते लागणार आहे.

दुसरी गोष्ट अधिकाराची. धर्मप्रांतात बिशपचा अधिकार हा त्याचा स्वतःचा असतो, कुणा वरिष्ठाने उसना दिलेला नसतो. आर्चबिशप आपल्या प्रांतातल्या इतर धर्मप्रांतांवर नजर ठेवू शकतो, काही बिघडलं तर पोपना कळवू शकतो, आणि कायद्याने नेमून दिलेली थोडी कामं करू शकतो. याच्यापुढे त्या धर्मप्रांतांत त्याची सत्ता चालत नाही. कार्डिनल ही तर पायरीच नव्हे. तो मान आहे, आणि ऐंशीच्या आत असाल तर पोपच्या निवडणुकीतलं मत. बिशपची नेमणूक, बदली, राजीनामा हे सगळं थेट रोमकडे. भारतातल्या लॅटिन धर्मप्रांतांची फाइल दिल्लीतल्या पोपच्या राजदूतामार्फत तिकडच्या सुवार्ताप्रसार विभागाकडे जाते.

मग देशपातळीवर काय? तिथेही 'भारताचं कॅथलिक मुख्यालय' असं काही नाही. 1944 साली मद्रासला स्थापन झालेली बिशपांची अखिल भारतीय परिषद आहे. पण परिषद म्हणजे सरकार नव्हे. बिशपांच्या परिषदेला बंधनकारक ठराव करायचा तर तो कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या विषयावरच लागतो, दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि वर रोमची तपासणी. एरवी ती सल्लामसलतीची जागा. त्यामुळे 'सीबीसीआयने आदेश दिला आणि नंदुरबारमध्ये अंमलबजावणी झाली' अशा धर्तीचं वाक्य कुठल्या लेखात दिसलं, तर शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं.

आता नंदुरबार. रोमहून दरवर्षी निघणाऱ्या 'अन्नुआरिओ पोंतिफिचिओ' या जाडजूड वार्षिकात जगातला प्रत्येक धर्मप्रांत असतो. नाशिकही आहे. बिशपचं नाव, क्षेत्रफळ, एकूण लोकसंख्या, कॅथलिकांची संख्या, धर्मग्रामं, धर्मगुरू. नेटवरच्या ज्या संकेतस्थळांवरून आपण आकडे उचलतो, त्यांचाही मूळ झरा बहुतेक वेळा हाच. नोंद म्हणून हे वार्षिक उत्तम आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. माझी तक्रार आपल्या वाचण्याबद्दल आहे.

नाशिक धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला 15 मे 1987 रोजी. पहिले बिशप थॉमस भालेराव, येशूसंघी. आज त्यात नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार असे पाच जिल्हे मोजले जातात. पण 1987 ला नंदुरबार जिल्हाच नव्हता! तो 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून निघाला. म्हणजे चर्चने कधी ठरवून 'नंदुरबार' नावाचा घटक आखला नाही. धुळ्याचा तुकडा म्हणून तो आधीच आत होता, नाव नंतर मिळालं. तेव्हा 'नंदुरबार जिल्ह्यातील कॅथलिक संघटन, 1987 ते 2020' असं प्रकरणाचं शीर्षक ठेवलंत, तर पहिली अकरा वर्षं कुठल्या कागदांतून काढणार? ती धुळ्याच्या खात्यात आहेत. (हा प्रश्न मलाही विचारला गेला. वहीत तेही लिहिलं असणार.)

शिवाय या धर्मप्रांताचं वजन सगळीकडे सारखं पडत नाही. त्याचा जुना गाभा नगरकडे. केंदळ, संगमनेर, श्रीरामपूर, हरेगावची मतमाउलीची यात्रा, एकोणिसाव्या शतकातलं येशूसंघीयांचं काम, सगळं तिकडचं. पाच जिल्ह्यांची बेरीज एका रकान्यात बसली की नगरची दाट वस्ती आणि धडगावचे डोंगर यांची सरासरी निघते. अशी सरासरी ना नगरला लागू पडते ना धडगावला.

नवापूरचं रेल्वे स्टेशन पाहिलंय का? त्याच्या मधून महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते. चर्चची हद्दही तीच धरते. अलीकडे नाशिक धर्मप्रांत, मुंबईचा प्रांत. पलीकडे तापी जिल्हा, म्हणजे बडोदा धर्मप्रांत, गांधीनगरचा प्रांत. पूर्वेला बडवानीत गेलात तर खंडवा धर्मप्रांत आणि भोपाळचा प्रांत. एका सातपुड्याभोवती तीन धर्मप्रांत, तीन आर्चबिशप. आणि माणसं? मावची-गामीत, भिल्ल, पावरा-बारेला यांचे सोयरेसंबंध, बाजार, बोली या रेषा विचारत नाहीत. मुलगी अलीकडची, जावई पलीकडचा. राज्यांच्या भाषिक हद्दी चर्चने उचलल्या, त्यात सोय होती. पण कलम 369 मधली 'माणसं' आणि कलम 372 मधला 'भूभाग' यांची फारकत इथे डोळ्यांनी दिसते. संशोधनाचा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्रिकोणात तो मावत नाही.

अजून एक गुंता. नंदुरबारमध्ये कुणी सिरो-मलबार कुटुंब असेल, समजा केरळहून आलेली नर्स, तर तिचे बिशप नाशिकचे नव्हेत. मुंबई, पुणे, नाशिक या लॅटिन धर्मप्रांतांच्याच भूभागावर 1988 मध्ये कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत उभा राहिला, 2025 मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. एकाच जमिनीवर दोन कॅथलिक बिशप, आणि दोघेही कायदेशीर. धर्मगुरू येशूसंघीय असेल तर त्याला बोलावणारा-पाठवणारा संघाचा प्रांतप्रमुख आणखी वेगळा. त्याने 'प्रांत' म्हटलं, तर विचारायचं, कुठला प्रांत?

सगळ्यात मोठा खड्डा मात्र 'नाशिक डायोसिस' या शब्दांतच आहे. नाशिकला दोन डायोसिस आहेत. दुसरा मूळचा अँग्लिकन, 1929 चा, 1970 पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. त्याचे बिशप वेगळे, निवडीची रीत वेगळी, पोपशी संबंध नाही. एका नावाखाली दोघांचे आकडे जोडलेला तक्ता मी पाहिला आहे. (माझाच होता. दुसऱ्या मसुद्यात.)

आणि नंदुरबारचा ख्रिस्ती इतिहास या दोन्ही डायोसिसच्या बाहेरच जास्त आहे. जुन्या पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले ते स्कँडिनेव्हियन परंपरेचे प्रोटेस्टंट मिशनरी. चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटलही प्रोटेस्टंट वळणाचंच. त्यातल्या कितीतरी मंडळ्यांना बिशपच नसतो. स्थानिक मंडळी आणि पाळक, बस. जनगणना मात्र सगळ्यांना एकाच 'ख्रिश्चन' रकान्यात टाकते. कॅथलिक-प्रोटेस्टंट असा भेद त्यात छापला जात नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी कीस कशाला काढायची? कारण जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्ये 16,48,295 होती आणि त्यात अनुसूचित जमाती जवळपास 70 टक्के. धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळा, ही 'डीलिस्टिंग'ची मागणी आता सभांमधून होते. अशा वेळी एखाद्या प्रबंधातलं 'संपूर्ण जिल्हा नाशिकच्या बिशपच्या अधिकाराखाली आहे' हे वाक्य उचलून कुणी फलकावर लावलं तर? वाक्य नकाशापुरतं खरं आहे. पण चर्चचे नियम बांधतात ते फक्त कॅथलिकांना, हे कलम 11 मध्येच आहे. इतरांशी बिशपने मायेनं वागावं एवढीच अपेक्षा आहे. ज्या तळोद्याच्या माणसाने आयुष्यात चर्चची पायरी चढलेली नाही, तो वार्षिकाच्या 'एकूण लोकसंख्या' रकान्यात आहे. पण बिशपच्या अधिकाराखाली तो नाही. आणि पाळकाकडे प्रार्थनेला जाणारी नवापूरची बाई ख्रिस्ती आहे, पण नाशिकच्या कॅथलिक बिशपशी तिचं काही देणंघेणं नाही.

सिनॉप्सिस लिहीत असाल तर त्रिकोणाऐवजी साधा तक्ता करा: कोण कुणाला नेमतं, कोण कुणाला हलवू शकतं, पैशाचा हिशेब कुणाला द्यावा लागतो, आणि हा अधिकार कुणावर चालतो. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात वेळ लागतो. माझा अजून अर्धा रिकामा आहे. पुढच्या महिन्यात नवापूरला जातोय, स्टेशनच्या दोन्ही बाजूंना.